अळतेचा ब्लाउज

हयग्रीवरावांनी स्वतः उठून बटण दाबलं आणि अभंग दुसऱ्याच कडव्यात तुटला.

"साकु, साकु!" ते म्हणाले. "पुरे झालं, जयवंतीबाई. हे भजन हाय की पत्रा कापणं? कानात सुया टोचल्यागत होतंय."

मैसूरच्या विठ्ठल मंदिराच्या सभागृहात चाळीसेक माणसं बसली होती. पुढच्या रांगेतल्या पोरांनी कानांवर ठेवलेले हात अजून काढले नव्हते. जयवंती लॅपटॉपपाशी तशीच उभी राहिली. गंमत अशी, की तिला स्वतःला ते गाणं अगदी गोड लागत होतं. टाळ तर आत्ता कुठे नीट ऐकू यायला लागले होते.

"अजून पंधरा दिवस हायत एकादशीला," हयग्रीवराव समितीचे सेक्रेटरी होते, त्यामुळे त्यांना हळू बोलायची सवय नव्हती. "तोवर जमलं तर सरी, बरंच झालं. नाहीतर मुंबईची विकतची रेकॉर्ड लावू. सुम्मनं, उगीच हट्ट कशाला?"

हट्ट जयवंतीचाच होता, हे खरं. चाळीस वर्षं पहाटेची काकडआरती तिची मोठी जाऊ शांताक्का म्हणत आली होती. दसऱ्यानंतर अक्काचे गुडघे गेले, मंदिराच्या नऊ पायऱ्या चढणं संपलं, आणि समितीने पहाटे रेकॉर्ड लावायचं ठरवलं. त्या दिवशी अक्का जेवली नाही. जयवंती तिच्या ताटापाशी बसून म्हणाली होती, "अक्का, रेकॉर्डच लावायची तर तुझी लावतील. तुझा आवाज देवळातनं जाणार नाही. मी करते." आणि मग माजघरात गाद्या उभ्या करून, पंखा बंद ठेवून, मुलीने मागे ठेवलेल्या लॅपटॉपवर तिने सहा अभंग उतरवून घेतले होते. त्याचं फळ हे असं मिळालं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी ती बस बदलून गोकुलमला गेली. तिथे विक्रांत राहायचा. पुण्याहून येऊन मैसूरला नोकरी धरलेला हा इंजिनियर घरच्या एका खोलीत गाणी रेकॉर्ड करायचा, आणि त्याच्या बायकोचे ब्लाउज जयवंती शिवायची. त्याने अभंग ऐकला, कपाळाला आठी घातली आणि पडद्यावरच्या आडव्या रेघेवर बोट ठेवलं.

"काकू, ही इक्वलायझरची रेघ. डावीकडे खर्ज, उजवीकडे बारीक, टोकदार आवाज. तुम्ही उजवं टोक पार आभाळात नेलंय. का?"

"टाळ ऐकूच येत नव्हते बाबा."

विक्रांतने अभंग बंद केला. मग त्याने एकामागून एक शिट्टीसारखे आवाज लावले, प्रत्येक आधीच्यापेक्षा बारीक. "ऐकू आलं की हात वर करा." सात वेळा तिचा हात वर झाला. त्यानंतर पडद्यावर काटा हलत राहिला आणि तिचा हात मांडीवरच राहिला.

"काकू, तुम्ही आधी कुठे कामाला होता?"

"गारमेंटच्या कारखान्यात. बावीस वर्षं, घरचं शिवणकाम सांभाळून. एका शेडमध्ये दोनशे मशिनी."

त्याने शिट्ट्या बंद केल्या. बारीक आवाज त्या मशिनींनी खाल्ले, हे तिला वेगळं सांगावं लागलं नाही. येलवालच्या माहेरी गेल्यावर रातकिडे ऐकू येत नाहीत, म्हणून ती गेली कित्येक वर्षं शेतातल्या औषधफवारणीला शिव्या देत होती. रातकिडे बिचारे होते तिथेच होते. तिला रडू आलं, आणि परक्याच्या घरात रडू आल्याचा रागही आला.

"मग मी हे करू नये म्हणतोस?"

"करा की. पण कानावर एकट्यावर विसंबू नका. चांगलं झालेलं एक गाणं शेजारी ठेवा. रेफरन्स म्हणतात त्याला. आधी दोन्हींचा आवाज सारखा करा, कारण मोठ्याने वाजतं ते नेहमी चांगलंच वाटतं." हा नियम देवळाच्या समितीलाही लागू होता, पण विक्रांतला ते माहीत नव्हतं. "मग एकदा हे, एकदा ते, असं ऐका आणि दोन्हींच्या रेघा बघा. तुमचे कान दोन्हींना सारखेच कमी पडणार. म्हणजे फरक उरेल तो गाण्यातलाच."

त्याने मुंबईच्या एका स्टुडिओत एका बाईने गायलेला अभंग दिला आणि एक बटणही दाखवलं. ते दाबलं की सॉफ्टवेअर आपलं गाणं आपोआप त्या गाण्यासारखं करतं.

आयतं मिळालं तर कोण सोडतो? जयवंतीने घरी येऊन पहिलं काम केलं ते बटण दाबण्याचं. रेघ सुरेख वळली, आवाज गुळगुळीत झाला. तिने अक्काला बाजेवर बसवून ऐकवलं.

अक्काने डोळे मिटून सगळा अभंग ऐकला. "छान गाती की. कोण गे ही बाई?"

"अक्का, ही तूच."

"अय्यो, मी कुठली? माझ्या आवाजात दम्याची खरखर हाय. ही तर लोणी खाऊन आलेली बाई." अक्का हसली, पण मग म्हणाली, "असू दे जया. देवाला चालतंय. तू जिवाला नको लावून घेऊ." आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

दोन दिवस जयवंतीने लॅपटॉप उघडला नाही. तिसऱ्या दिवशी गल्लीतली सहना दोन जुने ब्लाउज घेऊन आली. मैसूरकडे त्याला अळते म्हणतात. शिंप्याला माप म्हणून द्यायचा, अंगाला नीट बसलेला जुना ब्लाउज.

"आंटी, गळा ह्याचा घ्या, बाही त्याची. अंगात मात्र माझ्या आत्ताच्या मापाचा हवा हं! हे दोन्ही लग्नाआधीचे."

"गेली चाळीस वर्षं हेच करते गे," जयवंती म्हणाली, आणि हातातली टेप हातातच राहिली. चाळीस वर्षं हेच करते, आणि अक्काला मात्र आपण मुंबईच्या बाईचा अख्खा ब्लाउज चढवला!

तिने कपाटातून एक कॅसेट काढली. अक्का एकदा रेडिओवर गायली होती, तेव्हाची. विक्रांतने ती वायर लावून लॅपटॉपमध्ये उतरवून दिली. मग रोज दुपारी, जेवणं उरकून गल्ली निजली की जयवंती बसायची. टाळांचं माप स्टुडिओच्या अभंगावरून घ्यायची, कानाने नाही तर डोळ्याने. शिवणीत सुताचा फरक ओळखणारे डोळे होते ते, रेघेतला फरक त्यांना कसा चुकणार? आवाजाचं माप मात्र कॅसेटवरून घ्यायची. आणि खरखरीला हात लावायचा नाही. अक्काचं आत्ताचं अंग तेच होतं. चुकायचं, उसवायचं, पुन्हा घालायचं. अकराव्या दिवशी दोन रेघा एकमेकींवर अशा बसल्या, की तिने सवयीने शेवटची गाठ मारल्यासारखी बोटं फिरवली.

एकादशीच्या पहाटे चौघांनी शांताक्काला खुर्चीसकट नऊ पायऱ्या वर आणलं. जयवंतीने बटण दाबलं. हयग्रीवराव यंत्राच्या शेजारीच उभे होते, हात तयार ठेवून.

पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. पोरांचे हात कानांवर गेले नाहीत, ते टाळ्या वाजवायला लागले. मागून कोणीतरी गाणं उचललं, मग बायकांची अख्खी रांग गाऊ लागली. पायऱ्यांवरून चढणारी दोन माणसं तिथेच थबकली आणि एकाने दुसऱ्याला मोठ्याने विचारलं, "शांताक्का बरी झाली काय रे? वर आली?"

जयवंतीने ते ऐकलं. तेवढं तिला नीट ऐकू आलं.

सहाही अभंग संपले तेव्हा हयग्रीवरावांनी चष्मा काढून पुसला. "उद्यापासून रोज हीच," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू म्हणाले. "कुठल्या स्टुडिओत केलं, जयवंतीबाई?"

"माजघरात," ती म्हणाली. "आणि ऐका, त्या यंत्राच्या कुठल्याही बटणाला तुम्ही हात लावायचा नाही. आत्ताच सांगून ठेवते."

सगळे हसले, हयग्रीवरावही. मागे उभ्या असलेल्या विक्रांतने दोन्ही हात वर करून नमस्कार केला. "परत लावा, परत लावा," असा गलका झाला आणि पहिला अभंग पुन्हा सुरू झाला.

जयवंती अक्काच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली. अक्काचे डोळे वाहत होते.

"ही कोण गे बाई?" जयवंतीने विचारलं.

"मीच की. खरखर ऐक ना माझी."

"आणि टाळ? टाळ येतायत ऐकू?"

अक्काने तिच्याकडे पाहिलं. जयवंतीच्या कानांचं कुणी सांगितलं नव्हतं, पण तिला कळलं असावं. तिने जयवंतीचा हात ओढून आपल्या मांडीवर ठेवला आणि त्याच्या पाठीवर दोन बोटांनी ताल धरला, टाळाच्या प्रत्येक नादाला एक ठोका. जयवंतीने डोळे मिटले. अभंग संपेपर्यंत तिने हात हलवला नाही.