तात्याचं उघडं तोंड

नांदे गावात कालपासून लाईट नव्हती आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. रत्नाबाई भाजीची वाटी घेऊन वरच्या खोलीत गेल्या. ही खोली त्यांची भाडेकरू क्षितिजा हिची. हिंजवडीत कंपनीत कामाला असलेली ही मुलगी आईच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं म्हणून लातूरला गेली होती, आणि आपला सरडा रत्नाबाईंवर सोपवून गेली होती.

हातभर लांबीचा, परदेशी जातीचा सरडा तो. हनुवटीखाली काट्यांची दाढी होती म्हणून क्षितिजा त्याला तात्या म्हणायची. काचेच्या पेटीत त्याच्यासाठी उबेचा दिवा होता. "काकू, दिव्याखाली तो तोंड उघडून बसला तर घाबरू नका," तिनं जाताना सांगितलं होतं. "अंग तापलं की तो तसंच करतो."

रत्नाबाईंना त्या प्राण्याकडे बघूनच कसंतरी व्हायचं. पण पोरीची अडचण बघून त्यांना नाही म्हणवलं नव्हतं.

आज तात्या मान ताणून, तोंड उघडून बसला होता. रत्नाबाईंनी वाटी ठेवली आणि त्या वळल्या. दारापर्यंत आल्या आणि थबकल्या. दिवा तर कालपासून बंद होता. मग ह्याचं अंग तापलं कशानं?

त्या परत फिरल्या, पेटीजवळ वाकल्या. प्रत्येक श्वासाला बारीक कटकट असा आवाज येत होता. नाकपुडीशी फेसाचा बुडबुडा होता. दाढी काळी पडली होती आणि कालची भाजी तशीच सुकली होती. त्यांनी मन घट्ट करून एक बोट त्याच्या पाठीला लावलं. पाठ दगडासारखी गार होती. एरवी माणूस जवळ आलं की डोळा वटारून बघणारा तात्या हललासुद्धा नाही.

"आवं, जरा वर या," त्यांनी नवऱ्याला हाक मारली.

गेणबा वर आले, लांबूनच बघितलं. "सरडाच हाय तो. लाईट आली की हुईल बरा."

"अन् न्हाई आली तर? पोरीला काय सांगू मी?"

तेवढ्यात फोन वाजला. क्षितिजाचाच होता. "काकू, आईला आत नेतायत आता. सहज फोन केला. तात्या कसा आहे?"

तिचा आवाज कापत होता. रत्नाबाईंनी तात्याकडे पाहिलं. "बरा हाय," त्या म्हणाल्या. "तू हिकडची काळजी करू नगंस. आईकडं बघ."

त्यांनी फोन ठेवला. आता ह्या जनावराला काही झालं, तर त्याचा दोष त्यांच्या शब्दावर येणार होता.

खाली सून गौतमी स्वयंपाकात होती. बावधनला प्राण्यांचा दवाखाना असलेल्या डॉक्टरीणबाईंचा नंबर क्षितिजानं तिच्याकडे दिला होता. रत्नाबाईंचं ऐकून गौतमीनं लगेच फोन लावला. डॉक्टरीणबाईंनी श्वासाचं, दाढीचं, खाण्याचं विचारलं आणि म्हणाल्या, "गारठ्यानं छाती भरलेली दिसतेय. लाईटची वाट बघू नका, आत्ताच आणा. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा, अंगाला चिकटवू नका. आणि तोंडात पाणी अजिबात घालू नका, ते फुप्फुसात जाईल."

गौतमीनं गाडी काढली. गेणबांनी चुलीवर पाणी तापवून बाटली भरून दिली. तात्याला बाटलीशेजारी खोक्यात ठेवून, ते खोकं मांडीवर घेऊन रत्नाबाई मागं बसल्या. सूसच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी साचलं होतं, गाड्या मुंगीच्या चालीनं सरकत होत्या. रत्नाबाई खोक्याला कान लावून बसल्या होत्या. कटकट ऐकू आली की जीव घाबरायचा, आणि ऐकू आली नाही की जास्तच.

"आत्या, आहे ना?" गौतमी आरशातून विचारायची.

"हाय, हाय. तू म्होरं बघ."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तात्याला उबेला ठेवलं, छाती तपासली. "न्यूमोनिया आहे. एक्सरे काढून इंजेक्शनं सुरू करायला हवीत. पण हा इतका अशक्त झालाय की इंजेक्शनसुद्धा झेपेल असं खात्रीनं सांगता येत नाही. मालकिणीला विचारून घ्या."

रत्नाबाई बाकावर बसल्या. "तिची आई आत हाय. कसं सांगू?"

"सांगावं तर लागेल, आत्या," गौतमी म्हणाली.

त्यांनी फोन लावला. "पोरी, मगाशी मी खोटं बोलले." आणि मग सगळं सांगितलं.

 मग क्षितिजानं विचारलं, "फेस येतोय नाकातून?"

"व्हय."

"डॉक्टर म्हणतील ते करू द्या, काकू." थोडं थांबून ती म्हणाली, "फोन ठेवू नका. इथे माझ्याजवळ कुणी नाहीये."

रत्नाबाईंनी फोन ठेवला नाही. दोघी आपापल्या दवाखान्यात बाकावर बसून राहिल्या. मधेच क्षितिजा विचारायची, "काही कळलं?" मधेच रत्नाबाई विचारायच्या. बाकी वेळ नुसता एकमेकींचा श्वास ऐकू यायचा.

आधी लातूरचं दार उघडलं. ऑपरेशन नीट झालं होतं. क्षितिजा रडली आणि मग एकदम म्हणाली, "आता तात्याचं सांगा."

तात्याला इंजेक्शन झेपलं होतं, पण धोका टळला नव्हता. तो दवाखान्यातच राहिला. घरी आला तेव्हा बरगड्या दिसत होत्या. इन्व्हर्टर फक्त खालच्या घरात होता आणि त्या दिवशी हे कुणाला सुचलंच नव्हतं, म्हणून आता गेणबांनी स्वतः पेटी उचलून खाली आणली आणि टीव्ही बाजूला सरकवून तिथं मांडली. इंजेक्शनांसाठी गौतमी त्याला बावधनला नेत राहिली. त्याला हातात धरायचं काम रत्नाबाईंनी स्वतःकडे घेतलं, कारण गौतमीच्या हातात तो वळवळायचा.

क्षितिजा परतली तेव्हा तो अजून धड खात नव्हता, पण दाढीचा काळेपणा गेला होता. ती पिशवी न ठेवताच पेटीसमोर खाली बसली.

"तोंड मिटून श्वास घेतोय," ती म्हणाली.

"परवापासनं," रत्नाबाई म्हणाल्या. "रागावलीस का गं माझ्यावर?"

"त्या दिवशी रागावले होते," क्षितिजा म्हणाली. "पण तुम्ही माझ्यासाठी फोन धरून बसला होतात, म्हणून बोलले नाही."

रत्नाबाई तिच्यासाठी चहा ठेवायला आत गेल्या.