बिनपोटॅशचा पाला

“दोनदा उकळायचं, दोनदा पाणी ओतून द्यायचं आणि खाली जो चोथा उरतो त्याला भाजी म्हणायचं. गुरंसुद्धा तोंड फिरवतील.”

ताई स्वयंपाकघरात भाऊजींना ऐकवत होती. मध्ये फक्त प्लायवूडची भिंत. भिंतीच्या अलीकडे, इस्त्रीच्या खोलीत, मी जमिनीवर पालथी पडून पाइपाखाली लाकडाची पाचर सरकवत होते. मी ऐकतेय हे तिला पक्कं ठाऊक होतं. ताईचं पुटपुटणं नेहमी दोन खोल्यांना पुरेल एवढं असतं.

“डॉक्टरांनी सांगितलंय तसंच करतोय ना,” भाऊजी म्हणाले.

“डॉक्टर खातात का हे?”

पातेल्यावर झाकण पडल्याचा आवाज आला.

ताईच्या दोन्ही किडन्या निकामी होऊन दीड वर्ष झालं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, चार-चार तास तिचं रक्त यंत्रातून फिरून येतं. यंत्र बरंच काही काढून टाकतं, पण मधल्या दिवसांत खाण्यातून आलेलं पोटॅशियम रक्तात साठत राहतं आणि जास्त झालं की थेट हृदयावर जातं. हिरव्या पाल्यात ते भरपूर. म्हणून उकळा, पाणी फेका, पुन्हा उकळा. ताईने आयुष्यात फारसे हट्ट केले नाहीत. आता तिचा एकच होता : कच्चा सॅलडचा पाला, दाताखाली कर्रकन वाजणारा, वर नुसतं लिंबू.

यंदा, किडनी कोण देऊ शकेल हे बघायला माझ्याही तपासण्या झाल्या. भाऊजींना साखर, ते पहिल्याच पायरीवर बाद. ताईला मूलबाळ नाही. उरले मी. रक्तगट जुळला, मग पुढचंही सगळं जुळत गेलं. हॉस्पिटलातल्या बाईंनी मला समोर बसवून सांगितलं, “तुमची एक किडनी ताईंना चालेल. तुमच्या तब्येतीलाही अडचण दिसत नाही. विचार करून सांगा, घाई नाही.”

त्याला चार महिने झाले. जुळतंय हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं; पण कुणी विचारलं नाही, मीही काय ठरवलं ते सांगितलं नाही. पुढच्याच आठवड्यात मी पहिला पाइप विकत आणला.

शोभेच्या माशांच्या दुकानात मला बावीस वर्षं झाली. पंप, नळ्या, बुडबुडे सोडणारे हवेचे दगड, पाण्याचं आंबटपण मोजणं, हे मला कुणी शिकवलं नाही. मासे मरत गेले तशी मी शहाणी होत गेले. दुकानात एक मासिक येतं. त्यात वाचलं होतं की मातीशिवाय, नुसत्या खताच्या पाण्यावर पाला वाढवता येतो. आणि शेवटचे दोन आठवडे त्या पाण्यातून पोटॅश, म्हणजे पोटॅशियमचं खत, वगळलं तर पानात पोटॅशियम बरंच कमी उतरतं. हॉस्पिटलात आहार सांगणाऱ्या दुसऱ्या बाई आहेत, त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, “अशी पानं असतात खरी. पण घरच्या पानांची तपासणी करून आणा. कागद बघितल्याशिवाय मी एक पान खाऊ द्यायची नाही.” मला त्या आवडल्या.

मांडणी साधी होती. खाली पन्नास लिटरची झाकणवाली टाकी, आत उजेड जाऊन शेवाळ धरू नये म्हणून बाहेरून काळी रंगवलेली. तिच्यात बुडवलेला छोटा पंप. वर लोखंडी घडवंचीवर पावसाच्या पाण्याचे असतात तसले चार पाइप, एका अंगाला दोन बोटं उतार देऊन. पाइपांना वरून भोकं, भोकांत जाळीच्या वाट्या, वाटीत स्पंजचा तुकडा आणि त्यात रोप. पंप पाणी वर चढवतो, ते मुळांना भिजवत उतारावरून घरंगळतं आणि पुन्हा टाकीत पडतं. तेच पाणी दिवसभर फिरतं. वर दिव्याच्या नळ्या, चौदा तास चालू.

पहिल्या दिवशी परतीची नळी निसटली आणि टाकीच्या टाकी फरशीवर रिकामी झाली. भाऊजी फडकं घेऊन धावले. “लोक विहिरीसाठी जन्मभर खणतात,” ते गुडघ्यांवर बसून म्हणाले, “आपल्याकडे इस्त्रीच्या खोलीत लागली.” ताई दारात उभी राहून हसली. बऱ्याच दिवसांनी, आवाज करून.

मग रोजचा नेम झाला. दुकानात जाण्याआधी साडेसातला मी येते, माझ्या किल्लीने दार उघडते, थेट टाकीपाशी जाते. झाडं पाणी पितात तेवढं साधं पाणी वरून घालायचं. पाण्यात क्षार किती ते मीटरवर बघायचं. आंबटपण बघायचं. रविवारी पंप उघडून त्याची जाळी धुवायची, कारण मुळांचे केसासारखे धागे तिच्यात गुंततात. यंत्राला सुट्टी असेल त्या दिवशी ताई स्टुलावर येऊन बसायची, सुया टोचून फुगलेला डावा हात मांडीवर ठेवून, आणि उजव्या हाताने पिवळी पानं खुडायची.

“हिचं आणि माझं सारखंच,” टाकीकडे बघत ती एकदा म्हणाली. “फक्त हिला सुई लावताना बायका ‘जरासं टोचेल हं’ असं खोटं बोलत नाहीत.”

“पाणी किती उरलंय बघ गं,” मी म्हणाले.

पहिली लागवड गेली. पाणी तापलं, मुळं तपकिरी होऊन बुळबुळीत झाली. दुसऱ्या वेळी मी बर्फाच्या बाटल्या टाकीत सोडल्या, हवेचा दगड घातला, आणि मुळं दुधासारखी पांढरी राहिली. पंचविसाव्या दिवशी मी सगळं पाणी बदललं. नेहमीच्या खताच्या दोन बाटल्या वर फळीवर ठेवल्या आणि पोटॅश नसलेलं मिश्रण स्वतः वजनकाट्यावर मोजून घातलं.

आठवड्याभरात खालच्या पानांच्या कडा करपायला लागल्या. असंच व्हायला हवं होतं. ताईला चालेल असं पान म्हणजे उपाशी ठेवलेलं पान. मी दोघांना तसं सांगितलंही. पण सांगताना माझं लक्ष मीटरकडे होतं, आणि भाऊजींचं बहुतेक पानांकडे.

आमच्या दुकानाचे एक गिऱ्हाईक माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत आहेत. मंगळवारी त्यांच्याकडे पानं दिली, गुरुवारी कागद आला. आकडा चांगला होता. आहारवाल्या बाईंनी चष्मा वर करून तो दोनदा वाचला आणि लिहून दिलं : चाळीस ग्रॅम, कच्चं चालेल. रविवारी दुपारी खायचं ठरलं. ताईने काचेची वाटी काढून ठेवली. लिंबूसुद्धा निवडून ठेवलं, पातळ सालीचं.

शनिवारी दुकानात माल उतरवायचा होता, मला येता आलं नव्हतं. रविवारी सकाळी मी मीटर पाण्यात धरला. आकडा उतरत यायला हवा होता. तो जवळजवळ दुप्पट झाला होता.

मी मीटर पुसला, पुन्हा धरला. फळीवरच्या दोन्ही बाटल्या बघितल्या. दोन्हींतलं खत दोन बोटं खाली गेलं होतं.

“भाऊजी.”

ते दारातच उभे होते. मला वाटतं, मी आल्यापासून.

“शुक्रवारी घातलं,” ते म्हणाले. “तीन-तीन टोपणं. हिला यंत्रावर सोडून आलो होतो. घरात कुणी नाही. ती पानं बघवेनात गं. एवढी चांगली वाढली आणि शेवटी शेवटी आपण त्यांना उपाशी ठेवायचं.”

“मी सांगितलं होतं.”

“सांगितलं होतंस.” त्यांनी मान खाली घातली. “दया आली. दुसरं काही नाही. आता तीन टोपणांनी एवढं काय होतंय...”

“दोन दिवस झालेत. मुळांनी ओढून घेतलं असणार. कागदावरचा आकडा आता ह्या पानांचा राहिला नाही.”

ताई आतून आली. हातात ती वाटी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

“एक पान,” ती म्हणाली.

“नाही.”

“अगं, एका पानाने कुणी मरत नाही.”

“मला माहीत नाही कशाने मरतं ते. म्हणूनच नाही.”

मी रोपं उपटायला लागले. जाळीच्या वाटीसकट उचलायची, मुळांचं पाणी निथळू द्यायचं, बादलीत टाकायची. चोवीस रोपं. पानं इतकी ताजी होती की बादलीत पडतानाही वाजत होती. भाऊजी पुढे आले, मी त्यांना हातानेच थांबवलं. ताई स्टुलावर बसली, रिकामी वाटी मांडीत घेऊन.

“पुन्हा लावते,” मी म्हणाले. “आज टाकी धुते, उद्या बी. सहा आठवडे फक्त. आणि त्या बाटल्या मी घरी घेऊन जाते.”

“सहा आठवडे,” भाऊजी म्हणाले. “तोवर कदाचित आपल्याला हे लागणारही...” आणि ते माझ्याकडे बघून थांबले.

“कदाचित काय?” ताईने विचारलं.

“काही नाही.”

“बोला ना. सुरुवात तर केलीत.”

“काही नाही गं.” ते बादली उचलून बाहेर गेले. मोरीत ती ठेवल्याचा आवाज आला, मग कसलाच नाही. गेले होते, पण फार लांब नाही.

मी पंप बाहेर काढला, झाकण उघडलं आणि जाळीतली मुळं ओढायला लागले.

“बारके,” ताई म्हणाली. मी एक्कावन्न वर्षांची आहे, तिच्यासाठी बारकीच. “ते खाली ठेव.”

“जाळी तुंबलीय.”

“तुंबू दे. चार महिन्यांत तू माझ्या तोंडाकडे बघून एक वाक्य बोलली नाहीस. येतेस, त्या मीटरच्या तोंडाकडे बघतेस आणि जातेस.”

मी पंप खाली ठेवला. हात ओले होते, ते कुठे ठेवावेत कळेना.

“मी काही मागितलं का तुझ्याकडे?” ती म्हणाली.

“नाही.”

“मागणारही नाही. पण वाट बघत नाही असं खोटं कशाला सांगू? बघते. सकाळी तुझी किल्ली वाजली की वाटतं, आज सांगेल. मग तू विचारतेस, पाणी किती उरलंय.” ती थोडी थांबली. तिला हल्ली लांब बोलताना दम लागतो. “हेही वाट बघत असतात आणि मीही. तिघं माणसं एका टाकीभोवती फिरतोय. पाला गोड मानून खाल्ला असता मी. पण तो मला कशाच्या बदल्यात मिळतोय, ते एकदा मला कळू दे.”

माझ्याकडे कारणं तयार होती. दुकानात दिवसभर उभं राहावं लागतं. टाक्या उचलाव्या लागतात. रक्तदाब कधी कधी वर जातो. चार महिने मी ती मनात घासूनपुसून लख्ख ठेवली होती, आणि डॉक्टरांनी त्यातलं एकेक आधीच खोडून काढलेलं होतं. खरं कारण तेवढं चांगलं नव्हतं. रोज अंघोळीला गेले की माझा हात आपोआप पाठीवर, बरगडीखाली जायचा आणि तिथंच थांबायचा. कुणी हात पसरला की लहान मुलं हातातली वस्तू मागे लपवतात, तसा. हिनेच मला लहानपणी भरवलं होतं, शाळेत सोडलं होतं, आईच्या आजारपणात माझ्या वाटची जागरणं केली होती. हे सगळं आठवूनही तो हात तिथून हलत नव्हता.

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. चेहरा सुजलेला होता, पिवळट, आणि अगदी शांत.

“मला द्यायची नाहीये, ताई,” मी म्हणाले. “देता येत नाही, असं नाही. मला द्यायची नाहीये.”