पाचव्या पराभवाची पेटी

ऑगस्टात नेरेइदा गेली आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तिच्या नवऱ्याशी बोलणं बंद केलं. म्हणजे 'जेवलास का', 'रात्री झोप लागली का' हे चालू होतं. पण त्याला काय बोलणं म्हणायचं? एवढं तर डॉक्टरही विचारतो. आणि ही अक्कल कुणाची, तर माझी. दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मीच आधी सांगून टाकते.

मी फिओर्दालिसा. गल्लीच्या तोंडाशी दुकान आहे ते माझं. तांदूळ, तेल, बर्फ, बिअर सगळं मिळतं, आणि पुढे बदामाच्या झाडाखाली डॉमिनोचं टेबल आहे, त्यावर गावातले रिकामटेकडे फुकट मिळतात. समोरचं निळं घर ओविदिओ आणि नेरेइदाचं. एकेचाळीस वर्षं त्यांचा व्हरांडा आणि माझा गल्ला एकमेकांची तोंडं बघत आलेत.

आमची अख्खी गल्ली बेसबॉलच्या 'मासेमार' संघाची. इथे पोर जन्मलं की आधी डोक्यावर टोपी चढते, नाव मागाहून ठेवतात. ओविदिओ एकटा कोंबडेवाला, म्हणजे 'कोंबडे' नावाच्या दुसऱ्या संघाचा. पंचविशीत तो डोंगराकडून साखर कारखान्यात फिटर म्हणून आला, तेव्हा बरोबर एक पत्र्याची ट्रंक आणि कोंबड्यांच्या संघाचं हे खूळ घेऊन आला. आणि जीव जडला कुणावर, तर नेरेइदावर, जिच्या ओरडण्याने स्टेडियममध्ये पुढच्या रांगेतली माणसं कानांवर हात ठेवायची. लग्नात तिच्या भावांनी अट घातली होती की नवरदेवाने मासेमारांची टोपी घालावी. ओविदिओने ती घातली, फोटो काढून घेतला आणि तिथेच फेकून दिली. फोटो अजून भिंतीवर आहे. त्यात त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं आहे.

तर त्याच्यामुळे गल्लीत एक रिवाज पडला. कोंबडे लागोपाठ पाच सामने हरले की त्यांची अंत्ययात्रा निघायची. मी आणि नेरेइदा मिळून खारवलेल्या माशांच्या खोक्याची शवपेटी करायचो, काळा रंग, वर रंगवलेला लाल तुरा. डॉमिनोवाला तिलो पाद्री व्हायचा, अंगावर चादर गुंडाळून पाचही पराभव प्रार्थनेसारखे म्हणायचा. आणि कोंबड्याची विधवा कोण? नेरेइदा. काळी जाळीदार ओढणी डोक्यावर घेऊन ती स्वतःच्याच दारात, स्वतःच्याच नवऱ्यापुढे छाती पिटायची. "अरे माझ्या तुऱ्याच्या राजा, मला कुणाच्या खुराड्यात टाकून गेलास!" ओविदिओ व्हरांड्यात चौरंग मांडून, दोन मेणबत्त्या लावून तयार असायचा. शिव्या घालायचा आणि पेटी उतरवून घ्यायचा. ती त्याने घरात ठेवायची आणि कोंबडे पहिल्यांदा जिंकले की तिच्यात काहीतरी खायचं घालून माझ्या दारात परत आणून आपटायची. हा नियम. अशी कितीतरी वर्षं.

या वर्षी त्या घरातून खरीच पेटी निघाली.

नेरेइदाच्या दफनाला ओविदिओ रडला नाही. उभा होता, टोपी हातात, लोक मिठी मारायचे तेव्हा खांदा पुढे करायचा. नऊ दिवस प्रार्थना झाल्या, तेव्हाही नाही. बायका म्हणाल्या, पुरुष आहे, रडेल एकटा. मी म्हटलं, रडू दे नाहीतर न रडू दे, तुम्हाला काय करायचंय.

ऑक्टोबरात मोसम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी डॉमिनोच्या टेबलावर हात आपटला आणि सगळ्यांना दम दिला. ओविदिओसमोर बेसबॉलचा ब्र काढायचा नाही. रेडिओ लावायचा तर हळू. जो कुणी कोंबड्यांवरून एक शब्द बोलेल, त्याला माझ्या दुकानात बर्फ मिळणार नाही. तिलो म्हणाला की अगदी एवढंही करू नये. मी त्याला म्हटलं, तुझी बायको मरू दे, मग मी तुझ्या दारात नाचायला येते.

आणि कोंबड्यांनी तरी यंदाच असं करावं? पहिला सामना हरले, मनात आलं, चालायचंच. दुसरा हरले. तिसऱ्यात तर आठव्या इनिंगपर्यंत चार धावांनी पुढे होते आणि मग त्यांच्या नव्या पिचरला फलंदाज कुठे उभा आहे हेच दिसेनासं झालं. चौथ्यात दोघं क्षेत्ररक्षक एकाच झेलाखाली आले, 'तू घे, तू घे' म्हणत राहिले आणि चेंडू दोघांच्या मध्ये पडला. एरवी यावर गल्लीने आठवडाभर जेवण केलं असतं. माझ्या ओठांपर्यंत वाक्यं यायची आणि मी ती गिळायची. सांगते, मला अपचन झालं.

पाचवा गेला. सहावा गेला. ओविदिओ सकाळी पाव घ्यायला यायचा तेव्हा टेबलावरचे सगळे अचानक हवापाण्याबद्दल बोलायला लागायचे. आमच्याकडे हवापाण्याबद्दल बोलण्यासारखं काय असतं? ऊन असतं. तो दोन मिनिटं उभा राहायचा, एकेकाच्या तोंडाकडे बघायचा, पाव घेऊन जायचा. दिवसेंदिवस बारीक होत चालला होता. मी भाताचं पातळ सूप पाठवायची, भांडं तसंच परत यायचं.

मग त्याच्या मुलीचा, योकास्ताचा फोन आला. ती परदेशात, प्रॉव्हिडन्सला असते, तिकडे बर्फात. म्हणाली, मावशी, पप्पांना मी इकडे घेऊन येतेय, तिकीट काढलंय पुढच्या गुरुवारचं. मी विचारलं, तो हो म्हणाला? ती म्हणाली की लगेच म्हणाला. घर बंद करायचं, किल्ली तुमच्याकडे ठेवायची, असंही त्यानेच सांगितलं.

फोन ठेवला आणि मी तेलाच्या पिंपावर बसून राहिले. नेरेइदा माझी बहिणीसारखी होती. बहिणीपेक्षा जास्तच, बहिणीशी माझं पटत नाही. ती गेली तर समोर निदान तो दिसत होता. आता ते दारही बंद होणार, आणि मी इथे बसून कुणाकडे बघू? आणि त्या माणसाला आयुष्यात कधी स्वेटर घालायची वेळ आली नाही, तो तिथे चौथ्या मजल्यावर कुणाबरोबर बोलणार? पण मी कोण त्याला अडवणारी.

शनिवारी ओविदिओ पाव सोडून दोन मेणबत्त्या मागायला आला. मला वाटलं, नेरेइदाच्या तसबिरीपुढे लावायला. दिल्या. रविवारी सकाळी पुन्हा आला, पुन्हा दोन मेणबत्त्या. म्हणाला, कालच्या जळून गेल्या. आदल्या संध्याकाळी कोंबडे आठवा सामना हरले होते.

दुपारी मी स्वतःच सूप घेऊन त्याच्याकडे गेले. म्हटलं, आज समोर बसून खायला लावते. व्हरांड्याची पायरी चढले आणि थांबले. फरशी झाडून-पुसून लख्ख. दोन्ही झुलत्या खुर्च्या भिंतीला लावलेल्या. मध्ये चौरंग, त्यावर पांढरा कपडा, दोन्ही बाजूंना बशीत मेणबत्त्या, न पेटवलेल्या. आणि बशीत आधीच्या मेणबत्त्यांचं मेण थरावर थर साठलेलं. एका दिवसाचं नव्हतं ते.

ओविदिओ दारात उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. मी विचारलं, हे कधीपासून मांडून ठेवलंयस?

"पाचव्यापासून," तो म्हणाला. "पाचव्याला वाटलं, तयारी चालली असेल. सहाव्याला वाटलं, उद्या येतील. रोज शर्ट बदलून बसतो." मग माझ्या हातातलं भांडं घेऊन त्याने कठड्यावर ठेवलं. "मेलेल्या माणसाची कुणी टर उडवत नाही, फिओर. नेरेइदा गेली ते मला कळतंय. पण मीही गेलो असेन तर तसं सांगा. म्हणजे गुरुवारी निवांत जाईन."

मी त्याला एवढंच म्हटलं की पाच वाजता घरी राहा. आणि पायरी उतरले. आपल्या मूर्खपणाचा इतका राग मला कधी आला नव्हता.

दुकानात येऊन मी मागच्या खोलीतलं खोकं काढलं. मासे अजून त्यात होते, ते पिंपात ओतले. तिलोला हाक मारली, म्हटलं, उठ, चादर आण. तो म्हणाला, बर्फाचं काय? मी म्हटलं, बर्फ हवा तेवढा घे, पण आठ पराभव पाठ कर, एकही चुकलास तर बघ. काळा रंग लावला, तो वाळेना, पंखा लावला तरी ओलसरच राहिला. तुरा नेहमी नेरेइदा काढायची. मी काढला तो लाल हातमोज्यासारखा दिसायला लागला. तसाच ठेवला.

पाच वाजता निघालो. पंधरा-वीस माणसं असतील, कढईवर पळी बडवत. ऑगस्टानंतर पहिल्यांदाच गल्लीत आवाज झाला. ओविदिओने मेणबत्त्या पेटवल्या होत्या. तिलोने एकेक पराभव म्हटला, चौथ्याला दोघा क्षेत्ररक्षकांची नक्कल केली, आणि मी ओविदिओकडे बघत होते. त्याच्या तोंडावर काही नव्हतं. वाटलं, चुकलो, आता हा दार लावून घेणार.

पेटी चौरंगावर ठेवली. आता विधवेने रडायचं असतं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तोंड उघडलं. "अरे माझ्या तुऱ्याच्या," एवढं म्हटलं आणि थांबले. मला ते नेरेइदाच्या आवाजातच ऐकू येत होतं. मी पदर नाही म्हणून एप्रन तोंडाला लावला आणि खाली बघत उभी राहिले.

ओविदिओ आत गेला. तो परत आला तेव्हा त्याच्या डोक्यावर नेरेइदाची काळी ओढणी होती, वाकडी, एका कानावर लोंबणारी. तो पेटीपुढे गुडघ्यांवर बसला. गुडघे कटकट वाजले. त्याने दोन्ही हात वर केले, तिच्यासारखेच, आणि ओरडला, "अरे माझ्या तुऱ्याच्या राजा, मला कुणाच्या खुराड्यात टाकून गेलास!"

लोक हसले. अगदी पोट धरून. तो पुन्हा ओरडला, अजून जोरात, छाती पिटत, आणि लोक अजून हसले. तिसऱ्या वेळी त्याचा आवाज फाटला. "नेरेइदा," तो म्हणाला, "नेरेइदा, मी काय करू गं?"

आणि रडला. खारवलेल्या माशांच्या खोक्यावर डोकं ठेवून, ओल्या रंगात कपाळ माखून, लहान मुलासारखा रडला. तिलो चादरीसकट त्याच्या शेजारी बसला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. कुणी घरी गेलं नाही. आम्ही सगळेच रडत होतो, मासेमारवाले, एका कोंबड्यासाठी.

बऱ्याच वेळाने तो उठला, ओढणीनेच नाक पुसलं आणि म्हणाला की सूप कुठाय. थंडच प्यायला, उभ्याने. मग पेटीकडे नीट बघितलं आणि मला विचारलं, "हा तुरा आहे की हातमोजा?"

मी म्हटलं, तुझ्या क्षेत्ररक्षकांकडे हातमोजा नसतो, म्हणून पाठवलाय. त्याने मला अशी एक शिवी दिली की माझं काळीज निवलं.

त्याच संध्याकाळी त्याने योकास्ताला माझ्या दुकानातूनच फोन लावला. घरात पेटी आहे, म्हणाला, कोंबडे जिंकेपर्यंत ती सोडून जाता येत नाही, नियम आहे. तिकीट परत कर, नाताळात तूच ये. ती काय म्हणाली ऐकू आलं नाही, पण बराच वेळ तो नुसता हसत होता.

कोंबडे आणखी तीन हरले. अकरा. रोज सकाळी पाव घ्यायला आला की टेबलावरचे त्याला सोलून काढायचे आणि तो पाव विसरून तासभर भांडत बसायचा. बाराव्या सामन्यात ते एका धावेने जिंकले, तेही समोरच्याच्या चुकीने. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी माझ्या गल्ल्यावर पेटी दाणकन आपटली. आत डझनभर उकडलेली अंडी. निम्म्यांची टरफलं फुटलेली, कारण त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी शिजवलं होतं. मी म्हटलं, कोंबडे अंडी घालत नाहीत एवढंही तुला कुणी शिकवलं नाही का. तो म्हणाला, खा मुकाट्याने.

त्यानंतर आमच्या मासेमारांना काय धाड भरली कुणास ठाऊक. एक हरले, दोन हरले. काल रात्री चौथा. आज सकाळी ओविदिओ आला तो थेट मागच्या खोलीत गेला, पेटी उचलून उन्हात ठेवली आणि फडक्याने पुसायला लागला. त्यावरचा हातमोजा खरवडून त्याला मासा काढायचा होता.

मी म्हटलं, एवढी घाई नको, अजून एक बाकी आहे. आणि आमच्या दारात विधवा होऊन रडणार कोण? इथे सगळेच मासेमारवाले, आपल्याच मयतावर कुणी ढोंग करत नाही.

"मी आहे ना," तो मान वर न करता म्हणाला. "आता मला येतं."