पाच मिनिटांचं इंग्रजी

तेन्रीचं इंग्रजी व्याकरण आमच्या अख्ख्या वर्गात सगळ्यात पक्कं. पण बोलायची वेळ आली की तिची दातखीळ बसायची. बोलण्याच्या विषयात ती दोनदा नापास झाली होती. आता तिसऱ्यांदा झाली, तर विद्यापीठ सोडून गावीच जायचं.

परीक्षा म्हणजे काय, तर आमच्या मकास्सार शहरातल्या किल्ल्यात एखादा गोरा पाहुणा गाठायचा, त्याच्याशी पाच मिनिटं इंग्रजीत बोलायचं आणि ते मोबाइलवर रेकॉर्ड करून सरांना द्यायचं. दरवर्षी आम्ही त्या बिचाऱ्यांना असेच छळतो.

"तो म्हातारा बघ, एकटाच बसलाय. जा," मी म्हटलं.

"बेस्से, तू चल ना सोबत."

"जातेस, की देऊ ढकलून?"

दिलंच ढकलून. सरांनी दिलेले प्रश्न ती साफ विसरली. घाबरून तिने आम्ही भेटेल त्याला विचारतो तेच विचारलं, "जेवलात का?"

म्हातारा तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हणाला, "मी जेवलो. बायको नाही. हॉटेलात. पोट वाईट. इथे सगळं तिखट!" तो हंगेरीचा होता आणि त्याचं इंग्रजी आमच्याहून भयंकर होतं.

"मग त्यांना पेज द्या!" तेन्री म्हणाली. पेजेला इंग्रजी शब्द आठवेना, तर हातवारे करून सांगितलं, तांदूळ, खूप पाणी, मिरची नाही. त्याला बाहेरच्या गाडीवर नेलं, गाडीवालीला दम भरून बिनतिखटाची पेज बांधून घेतली आणि वाटभर बडबडत त्याला हॉटेलापर्यंत पोचवलं. मागून चालताना मला तिचा चक्क हेवा वाटला.

मग मोबाइल पाहिला. बटण दाबलंच नव्हतं.

तेन्री मटकन खाली बसली. "संपलं. आता गावी कोंबड्या राखते."

"त्यांच्याशी तरी इंग्रजीत बोल," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी हात पुढे केला. "रेकॉर्डिंग?"

तेन्रीने इंग्रजीतच सुरू केलं, "सर, बटण विसरले, कारण त्याच्या बायकोचं पोट बिघडलं होतं..." मग गाडी, पेज, मिरची, सगळं आलं. चुका ढीगभर झाल्या. वर्ग हसला, तीही हसली, पण थांबली नाही.

अखेर सरांनी घड्याळ पाहिलं. "अकरा मिनिटं. मी पाचच मागितली होती."

तिचा चेहरा पडला. सरांनी वहीत तिच्या नावापुढे 'पास' लिहिलं आणि खुर्ची पुढे ओढून विचारलं, "त्या बाईंना बरं वाटलं का, ते राहिलं की सांगायचं."