चित्रातली बुटकी खुर्ची

मी एक खुर्ची. बुटकी, बिनहातांची. हसू नका. माझे पाय सुतारानं मुद्दाम आखूड ठेवले. लेकराला अंगावर घेतलेल्या बाईचे पाय जमिनीला टेकावेत आणि कोपर कुठे अडू नये, म्हणून. एवढा विचार राजाच्या सिंहासनातही नसतो.

पॅरिसमध्ये, पासी भागातल्या ओर्तांसबाईंनी मला बाळंतपणाआधी घरी आणलं. बाई चित्रं काढायच्या. राजे नाहीत, लढाया नाहीत. खिडकीतून आलेलं ऊन, वाळत घातलेली दुपटी, केस विंचरणारी बहीण. मुलगी झाली, ब्लांश, तेव्हा यजमान आर्मां म्हणाले, "रंगबिंग आता माळ्यावर ठेवूया ना?"

"माळ्यावर उजेड कुठाय?" असं म्हणून बाईंनी चित्राची घोडी सरळ बाळाच्या खोलीत आणून उभी केली.

बड्या घरच्या रीतीप्रमाणे ब्लांशला पाजायला मोर्वांच्या डोंगराळ मुलखातून झेली ही दूधआई आली. ती माझ्यावर बसायची आणि बाई तिचं चित्र रंगवायच्या.

"जरा हस की गं, झेली! किती गोड पितेय बघ."

"पोरगी गोडच आहे, मादाम. पण माझा तूसाँ तिकडे सासूच्या हातून बकरीचं दूध पितोय. हसू आणू कुठून?"

चित्रातल्या झेलीच्या ओठांवर बाईंनी आधीच हसू रंगवून ठेवलं होतं. त्यांनी रंगाची सुरी घेतली आणि ते हसू खरवडून काढलं.

जेवताना त्यांनी यजमानांकडे विषय काढलाच. "झेलीचं पोर इथे आणायचं."

"दूध वाटलं जाईल! आई काय म्हणतील?"

"ब्लांश आता लापशी मिटक्या मारत खाते. आणि तुमच्या आईंशी मी बोलेन."

झेलीची सासू तूसाँला घेऊन आली. पण पोर आईला ओळखेचना! झेलीनं घेतलं की ते टाहो फोडून आजीकडे झेपावायचं. झेली माझ्यावर बसून राहिली. तिनं गावाकडचं गाणं गुणगुणायला घेतलं. किती तरी वेळानं रडणं थांबलं, आणि तूसाँनं तोंड लावलं.

बाईंनी रंगवलं ते हेच. झेली, तिचा मुलगा आणि पायाशी मोजा ओढत बसलेली ब्लांश.

प्रदर्शनात मी गेले ती चित्रातून. तिथलं बाईंनी घरी येऊन सांगितलं. एक मिशाळ गृहस्थ म्हणाले, "मोलकरीण आणि पोर! ह्यात बघायचं काय?" त्यांची बायको मात्र हलेना. म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. मी बघतेय."

झेली गावी परतली तेव्हा बाईंनी मला तिच्या गाडीत चढवलं. तेव्हापासून मी इथे, तिच्या घरी, चुलीशेजारी. बैठकीचा पेंढा दोनदा नवा विणला, एक पाय कुत्र्यानं कुरतडला. झेली गेली त्याला बरीच वर्षं झाली.

परवा म्हातारा तूसाँ नातीला घेऊन माझ्यावर बसला. गुडघे पार कानाशी आले. सून हसायला लागली, "उठा हो मामंजी, मोडेल ती! बायकांची खुर्ची आहे."

अगं, बसू दे त्याला. पोर आत्ताच डोळे मिटतेय, आणि मी चांगली भक्कम आहे.