एका पावसाच्या तीन नद्या

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. परभणीच्या एका पाटबंधारे कचेरीच्या अडगळीच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांच्या शेजारी माझा मुक्काम आहे. कधीमधी कोणाची मुले येतात आणि 'केवढा हा डबा!' म्हणतात. मला त्याचा राग येतो. डबा चटणीचा असतो. मी तर एके काळी नद्या वाहवीत असे.

१९९० साली मी पेंढ्यात गुंडाळून ट्रकमधून इथे आलो. कुंपणाच्या भिंतीवर तेव्हा विद्यापीठाच्या नामांतराच्या घोषणा रंगवलेल्या होत्या. माझ्यासाठी खास खोली गिलावा करून तयार झाली आणि तिच्यात गार हवेचे यंत्र बसले. मोठे साहेब दिनकरराव यांच्या नशिबी मात्र कुरकुरणारा पंखाच होता. त्यामुळे रोज दुपारी माझी तपासणी करणे त्यांना फार गरजेचे वाटू लागले. ते जोडे बाहेर काढून आत येत आणि फाइल उघडी ठेवून डोळे मिटत. पहिल्या दिवशी माझी पूजा झाली. तेव्हा चिमूटभर कुंकू कळफलकात गेले आणि एक कळ कायमची रुसली. ती दोनदा दाबावी लागे.

माझ्या पोटात नद्यांचे गणित करणारी एक प्रणाली होती. माझ्या लेखी नदी म्हणजे एक शाखा. तिला नाव द्यायचे, ती कुठून कुठवर जाते ते मीटरमध्ये सांगायचे आणि तिचे शेवटचे टोक मोठ्या नदीला जोडायचे. मग वरच्या टोकाला पाऊस ओतला की कोणत्या गावात पाणी किती चढेल ते मी सांगत असे. हे काम सूर्यभान नावाच्या तरुण अभियंत्याकडे होते. नाशिकला पंधरा दिवस शिकून ते हुशार झाले होते. ते टोक जोडायला चारदा विसरले. मी चारही वेळा काम थांबवून हिरव्या अक्षरांत तक्रार केली. चौथ्या वेळी ते मला काय म्हणाले, ते तुम्हांला सांगण्यासारखे नाही.

ताडकळसच्या पलीकडे पूर्णेच्या काठी उमरवाडी नावाचे गाव आहे. एकदा मोठा पाऊस झाला आणि वरून पत्र आले, की पुरात बुडणारी गावे शोधून हलवा. सूर्यभानने मोजणीसाठी सटवाजीला धाडले. सटवाजी हा कचेरीतला जुना खलाशी, म्हणजे मोजणीचा मदतनीस. मोजणीची साखळी धरण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, पण चालण्याचा त्याला मनापासून कंटाळा होता. तो प्रत्येक गावाला बाजाराच्या दिवशी एसटीने जाई, पुलाजवळ उतरे, पात्र मोजी, चार माणसांना नदीचे नाव विचारी आणि भजी खाऊन परते. खडकीला त्याने लेंडी नदी लिहून आणली, धानोरीला काळी आणि उमरवाडीला वाघाडी. प्रत्येकीपुढे नोंद होती: पूर्णेस मिळते.

नकाशात तिथे एकच बारीक, बिननावाची रेघ होती. सूर्यभान म्हणाले, नकाशा निजामाच्या वेळचा, त्यात चुका असणारच. त्यांनी तीन शाखा तयार केल्या, तिघींची टोके उमरवाडीजवळ पूर्णेला जोडली आणि प्रत्येकीच्या डोक्यावर सबंध रानाचा पाऊस ओतला. या वेळी सगळी टोके जोडलेली होती, म्हणून मीही तक्रार केली नाही. चाळीस मिनिटे घरघर करून मी उत्तर दिले, की उमरवाडीत मारुतीच्या नाकापर्यंत पाणी चढेल.

झाले. एकशे चाळीस घरे उचलून माळावर न्यायची असे ठरले. तो माळ म्हणजे नुसता खडक. तिथे विहीर खणायला गेले तर पहार मोडावी आणि पाणी लागू नये. पुरापासून वाचवून आम्ही त्या लोकांना तहानेने मारायला निघालो होतो.

सुनावणीच्या दिवशी निम्मी उमरवाडी कचेरीत आली. माझ्या दारात शंभरेक जोड वहाणांचा ढीग झाला. सरपंच माणिकराव म्हणाले, आमच्या आजोबांनीसुद्धा मारुतीच्या पायरीवर पाणी पाहिलेले नाही. दिनकरराव म्हणाले, तुमच्या आजोबांचे चुकू शकेल, संगणकाचे चुकत नाही. मला ते वाक्य फार आवडले. मी त्या दिवशी नेहमीपेक्षा मोठ्याने घरघरलो.

मग सूर्यभानने गावकऱ्यांना समजावून सांगायला तिन्ही नद्यांची नावे वाचली. मागे कमलबाई बसली होती. साठीची बाई, तिचे घर नदीला सगळ्यांत जवळ. ती उठून उभी राहिली.

"लेंडी तर माझ्या माहेरची, खडकीची," ती म्हणाली. "तीच खाली धानोरीला काळी व्हती, अन् आमच्याकडं येऊन वाघाडी."

सूर्यभान हसून म्हणाले, मावशी, नावे तीन आहेत, वहीत लिहिलेली आहेत.

"साहेब, खडकीला मी सरजा व्हते. लग्नात तांदळात नवं नाव काढलं अन् हितं कमल झाले. म्हणून आमच्या घरात दोन बाया आल्या न्हाईत. भाकर एकीलाच लागायलीय. अन् पाऊसबी एकदाच पडतो."

दिनकररावांनी सटवाजीकडे पाहिले आणि विचारले, नदीच्या काठाकाठाने कधी चाललास का? सटवाजीने डोके खाजवले, पण माणूस खोटा नव्हता. "बिल्कुल न्हाई साहेब. यस्टी उतरवती तिथंच मोजायलोय मी."

दुसऱ्या दिवशी सूर्यभान आणि सटवाजी खडकीहून काठाकाठाने निघाले. सबंध अकरा किलोमीटर चालून ते उमरवाडीला पोचले, तेव्हा त्यांच्या अंगात काटे रुतले होते आणि सटवाजीची एक चप्पल चिखलात गेली होती. वाटेत एक नदी कुठे संपली नाही आणि दुसरी कुठे सुरू झाली नाही.

सूर्यभानने दोन शाखा पुसून टाकल्या. गावकरी पुन्हा दाराशी बसले. मी चाळीस मिनिटे गणित केले, आणि खरे सांगतो, तेवढी भीती मला कधी वाटली नव्हती. उत्तर आले, की पाणी मारुतीच्या देवळाच्या खाली, पायऱ्यांनाही न शिवता थांबते. गाव हलवायचे कारण उरले नाही. माणिकरावांनी मला हार घातला. मला लाज वाटली. माझी बेरीज तेव्हाही बरोबर होती, पण एकाच पावसाला तीनदा मोजताना मी एका शब्दाने विचारले नव्हते.

राहिले होते नाव. शाखेला नाव दिल्याशिवाय मी पुढे जाऊ देत नाही आणि जागा एकाच छोट्या नावाची. माणिकराव वाघाडीवर अडून बसले. लेंडी लिहिले तर ते रागावणार, काळी लिहिले तर खडकी आणि उमरवाडी दोन्ही. दिनकररावांना घाम फुटला. या दिवसांत नावावरून काही नको, एवढेच ते म्हणत राहिले. शेवटी सूर्यभानने कमलबाईला विचारले, की मावशी, तुम्हीच सांगा, काय लिहू?

ती उठून माझ्या पडद्याजवळ आली.

"सरजा लिहा," ती म्हणाली. "आई गेली, भाऊबी गेला. त्या नावानं हाक मारणारं आता कोणी न्हाई."

यावर कोणी भांडले नाही. सूर्यभानने सावकाश एकेक अक्षर लिहिले. त्यातले एक अक्षर नेमके रुसलेल्या कळेवर होते, ते त्यांनी दोनदा दाबले.

मित्रांनो, नंतर नवे संगणक आले आणि मी या खोलीत आलो. पुढच्या महिन्यात भंगारवाला येणार आहे म्हणे. माझ्याबद्दल माझे काही म्हणणे नाही, पण जुने यंत्र फेकण्याआधी त्याच्या आत कोणाचे काही राहिले आहे का, तेवढे बघत जा. कमलबाई आता नाही. मतदारयादीत ती कमल होती, सातबाऱ्यावर कमल होती. सरजा फक्त माझ्यापाशी आहे. मला थोडी वीज द्या आणि पाऊस किती ते सांगा. सरजा अजूनही खडकीहून निघते आणि उमरवाडीला पोचते.