चौथी खेळी

घड्याळजींनी राजा उचलून दोन घरं सरकवला, हत्ती त्याच्या पलीकडे ठेवला आणि पटाशेजारच्या घड्याळाचं बटण दाबलं. मग खेळी कागदावर उतरवली. समोरचा शिंपी पटाकडे बघतच राहिला.

तीस वर्षं स्पर्धेत दोघांची गाठ पडत आली होती, आणि पांढरी मोहरी मिळाली की घड्याळजी डावाची सुरुवात स्पॅनिश ओपनिंगनेच करत. काळ्याचं काठाचं प्यादं उंटाच्या अंगावर येतं, उंट एक घर मागे घ्यायचा, मगच राजाला कोपऱ्यात न्यायचं. झोपेतून उठवलं तरी त्यांचा हात चुकला नसता.

गेल्या महिन्यात दुकानात एक भिंतीवरचं घड्याळ जोडून झालं, तेव्हा टेबलावर एक दातेरी चाक उरलं होतं. ते त्यांनी खणात टाकलं आणि कुणाला काही सांगितलं नाही. पटावर तरी आपण शाबूत आहोत, एवढ्यावर ते तग धरून होते.

"खेळ की आता, टाके मोजतोयस का?"

शिंप्याने मान वर केली नाही.

"बरोबरी करू या?" तो हलकेच म्हणाला.

घड्याळजींना हसूच आलं. बरोबरी हवी तर घरी जाऊन बायकोशी खेळ, असं ज्याला त्याला सुनावणारा हा माणूस, आणि चौथ्याच खेळीला? मग त्यांची नजर पटावर गेली. उंट प्याद्याच्या तोंडी तसाच उभा होता. कागदावरही तो मागे घेतल्याची नोंद नव्हती. खणातलं ते दातेरी चाक त्यांच्या डोळ्यांपुढे आलं.

"कधीपासून कळतंय तुला?"

"काय कळायचंय? डोकं दुखतंय माझं, म्हणून म्हटलं."

शिंप्याला धड खोटं बोलता येत नसे.

"बरोबरी नको," घड्याळजींचा आवाज चिरकला. "उंट मार. नेहमीसारखं हरव मला."

शिंप्याचा हात काठाच्या प्याद्यावर गेला, न शिवताच थांबला. मग त्याने घोडा उचलून पुढे ठेवला. उंट वेळेवर मागे गेला असता, तर शिंपी हेच खेळला असता.

घड्याळजींनी उंट मागे घेतला. डाव हुबेहूब दरवेळसारखा दिसू लागला. शेजारून जाणाऱ्या पंचाने एकवार पाहिलं आणि तो पुढे गेला.

आता शिंपी आपल्याला कधीच हरवणार नाही, हे घड्याळजींना कळून चुकलं होतं.